ऑल-इन-वन उघडला: पॅनेल शाबूत, बाकीचं मोडीत

मंडळी, मालवणच्या टेबलावरून ताजी खबर. ओळखीच्या एका होमस्टेच्या काउंटरवरचा २१.५ इंची ऑल-इन-वन (पडदा आणि संगणक एकाच डब्यात) माझ्याकडे आलाय. मदरबोर्ड गेलेला, पडदा ठणठणीत. मालकांना नवा घ्यायचाय. पुन्हा असाच घ्यावा की सीपीयू-मॉनिटर वेगळे घ्यावेत, हा त्यांचा प्रश्न. म्हटलं, आधी ह्याचं पोट बघू.

मागचं झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवलं. आत अर्थातच लॅपटॉप: आखूड रॅम, अडीच इंची डिस्क, चपटा ब्लोअर पंखा, १९ व्होल्टचा अडॅप्टर. खरी गंमत पंख्याच्या तोंडाशी. खाऱ्या दमट हवेत धूळ नुसती साचत नाही, तिचा नमदा होतो. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या) पात्यांवर पांढरी भुकटी, बोर्डाच्या कनेक्टरांवर हिरवट थर, स्क्रू गंजलेले. मोठ्या कॅबिनेटमध्येही मीठ शिरतंच, वर पाली आणि मुंग्या फुकट. पण तिथे ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दहा मिनिटांत हात फिरवता येतो. इथे पंख्यापर्यंत पोचायलाच अर्धं यंत्र सोडवावं लागतं, म्हणून कोणी सोडवत नाही, म्हणून बोर्ड तापतो.

जमेची बाजू खोटी नाही. काउंटरवर एकच वायर, आणि वीज कमी. असा ऑल-इन-वन साधारण ४० ते ६० वॅटांत चालतो. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात निम्मे धरा. तरी पावसाळ्यात लाईट गेली की दुपारभर बिलं निघतात, पंखा-दिवेही चालतात. आमच्याकडे हा मुद्दा प्रोसेसरच्या वेगापेक्षा मोठा आहे.

रुतणारी गोष्ट वेगळीच. ह्यातला प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीच्या खाली उतरत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे बोर्ड जगला असता तरी लिनक्सवर न्यावा लागला असता. (मी आनंदाने नेला असता, मालकांचं बिलिंग सॉफ्टवेअर तयार नव्हतं.) पडद्याचं आयुष्य मोठं, संगणकाचं छोटं, आणि दोघांची गाठ मारून दिलेली.

ॲपलवाल्यांनी इथे हसू नये. २०१२ च्या आधीच्या ॲल्युमिनियम आयमॅकची काच चुंबकांवर बसायची. त्या वर्षापासून पडदा चिकटपट्टीने डकवलेला. २७ इंचीला रॅमसाठी मागे झाकण तरी ठेवलं, २१.५ इंचीला तेही नाही. शेजारचा पोरगा असाच एक न्याहाळून म्हणाला, "अरे, ह्येका मागसून दारच नाय!" २००९ ते २०१४ च्या बऱ्याच आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोडमुळे दुसऱ्या मॅकचा मॉनिटर म्हणून तरी उपयोग व्हायचा. ५के पडदा आला आणि ती सोयही गेली.

आता कामाचं. पॅनेलच्या पाठीवरचा मॉडेल नंबर घेऊन त्याला जुळणारा ड्रायव्हर बोर्ड (सुट्या पॅनेलचा मॉनिटर करणारं सर्किट) मागवला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून निघून, कुडाळला उतरलेल्या एका चाकरमान्याच्या बॅगेतून तो पोचला. हे करणाऱ्यांनी एक पाळा: वायर जोडण्याआधी बोर्डावरचा पॅनेल-व्होल्टेजचा जंपर (व्होल्ट निवडायची छोटी टोपी) पॅनेलच्या डेटाशीटशी, म्हणजे माहितीपत्रकाशी, ताडून बघा. ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे पर्याय असतात, ३.३ च्या पॅनेलला १२ दिलेत की खेळ खल्लास. माझं पॅनेल ५ चं निघालं. एचडीएमआय लावला, १९२० बाय १०८० चित्र पहिल्या फटक्यात. मूळचे स्पीकर बोर्डाच्या ऑडिओ पिनांवर बसले. वेबकॅम आतून यूएसबीच आहे, पण त्याला ५ लागतात की ३.३ हे मोजल्याशिवाय सोल्डर करणार नाही.

मागे एक लिटर आकारमानाचा जुना ऑफिस मिनी पीसी बसवणार, आठव्या पिढीचा. लेनोवोचा टायनी-इन-वन ह्याच कल्पनेवर बेतलेला: मॉनिटरच्या पाठीत छोटा संगणक सरकवायचा, जुना झाला की तेवढाच काढायचा. आपल्या जुगाडात अडॅप्टर दोन झाले, एक बोर्डाचा १२ व्होल्ट, एक पीसीचा १९. काउंटरची एकच वायर गेली, हे नुकसान मान्य.

मालकांना सांगितलंय: एकसंध ऑल-इन-वनच घ्यायचा असेल तर कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, मागचं झाकण सहज निघणारा घ्या, आणि पावसाळ्यात पाहुणे नसले तरी रोज तासभर चालू ठेवा, आतला ओलावा सुकतो. नाहीतर साधा मॉनिटर आणि त्याच्या पाठीवरच्या व्हेसावर (स्क्रूच्या ठराविक भोकांवर) मिनी पीसी. ते दुसऱ्याकडे झुकलेत.

माझ्या पॅनेलला व्हेसाची भोकं नाहीत, म्हणून १०० बाय १०० मिलिमीटरची ॲल्युमिनियम पट्टी कापायला दिलीय. ती आली की पंख्याची दिशा ठरवायची: हवा खालून वर, की बाजूला? खाऱ्या हवेत कोणी बाजूचं करून बघितलं असेल तर सांगा.