गळक्या टाकीपासून पूर्ण इंधनव्यवस्थेपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात गळक्या टाक्यांना डाग देण्यापासून झाली. डोंगरात आणि कच्च्या वाटांवर चालणारे जुने पेट्रोल ट्रक आमच्याकडे येत. आम्ही टाकी उतरवून, आतून अनेकदा धुऊन, गळती बंद करून ती परत बसवून देत असू. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी दिसणारी टाकी अधिक धोकादायक असते, कारण आत उरलेली पेट्रोलची वाफ हवेत मिसळलेली असते आणि तिला एक ठिणगी पुरते, हे आम्ही पहिल्या दिवसापासून पाळत आलो आहोत.

कामाला वळण मिळाले ते एका ट्रकमुळे. मालकाने कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) काढून इंजेक्शन, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणारी व्यवस्था, बसवून घेतले होते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा जुना पंप कार्ब्युरेटरला साधारण 4 ते 7 पीएसआय (दाबाचे एकक) दाब देतो, तर अशा पोर्ट इंजेक्शनला, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत फवारणाऱ्या प्रकाराला, 40 ते 60 पीएसआय लागतो. म्हणून आम्ही चासीवर विजेचा पंप लावून दिला. काही आठवड्यांत तो जळाला. दुसरा लावला, तोही गेला. दोन्ही वेळा आम्ही पंपाला दोष दिला आणि ती आमची चूक होती. दुसरा पंप उघडला तेव्हा आत तपकिरी भुकटी चिकटलेली दिसली. टाकी उतरवून विजेरीचा उजेड आत टाकला, तर तळाशी गंजाचा गाळ आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पिकअप नळीची जाळी निम्मी बुजलेली. इंजिन चालू ठेवून मोजले तेव्हा बॅटरीपाशी 13.8 व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर जेमतेम 11 व्होल्ट पोहोचत होते. विजेचा पंप इंधन ढकलण्यात तरबेज असतो, लांबून ओढण्यात नव्हे. आम्ही त्याला बुजलेल्या जाळीतून, अपुऱ्या विजेवर ओढायला लावले होते. त्या दोन्ही पंपांचे पैसे आम्ही मालकाकडून घेतले नाहीत.

त्यानंतर नुसता पंप बदलून देण्याचे काम आम्ही बंद केले. टाकी, पंप, नळ्या आणि वायरिंग हे एकच काम मानायचे, असे ठरवले. काही ग्राहक यामुळे दुसरीकडे गेले आणि त्या वर्षी हात आखडता घ्यावा लागला, तरी निर्णय बदलला नाही.

आमचा सर्वाधिक वेळ टाकीच्या आतल्या रचनेवर जातो. 80 लिटर पेट्रोलचे वजन 60 किलोच्या आसपास भरते, आणि खडबडीत वाटेवर हे सगळे वजन टाकीत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत असते. उभ्या चढावर ते मागे जमा होते आणि पिकअपचे तोंड उघडे पडते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडे पेट्रोल शिल्लक असते, त्यामुळे असा क्षण इंजिनाला कळतही नाही. इंजेक्शनला मात्र तशी शिदोरी नसते, पंपाने हवा ओढली की दाब तत्काळ कोसळतो आणि गाडी भर चढावर बंद पडते. म्हणूनच नव्या टाकीत आम्ही भोके पाडलेले पत्र्याचे पडदे घालतो, पंप टाकीच्या आत एका खोलगट वाटीत बसवतो आणि इंजिनाकडून परत येणारे इंधन त्याच वाटीत सोडतो, म्हणजे ती भरलेली राहते. बुडालेला पंप थंड राहतो हा आणखी एक लाभ.

मोठ्यात मोठा पंप हवा, असा आग्रह बहुतेक जण धरतात. आम्ही तो मान्य करत नाही. 150 किलोवॅटचे इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला साधारण 60 लिटर पेट्रोल पिते. तिथे तासाला 255 लिटरचा पंप लावला तर उरलेले इंधन गरम इंजिनाजवळून फिरून टाकीत येत राहते आणि संथ चढाईत सगळी टाकी तापते.

पंपाला रिले (मोठा प्रवाह थेट बॅटरीकडून जोडणारा विजेवर चालणारा स्विच), जाड तार आणि स्वतंत्र अर्थिंग देतो. इंजेक्शनच्या दाबाला साध्या रबरी नळ्या चालत नाहीत. टाकीत बुडून राहणारी नळी तर आणखी वेगळी लागते, कारण साध्या नळीचे बाहेरचे आवरण पेट्रोलमध्ये फुगते. फ्लोटचा सेंडर (टाकीतली पातळी विजेच्या रोधातून कळवणारा भाग) जुन्या गेजशी, म्हणजे पेट्रोलच्या काट्याशी, जुळतो का, हेही आधी तपासतो. 240 ओहम म्हणजे रिकामी आणि 33 म्हणजे भरलेली असे मानणाऱ्या गेजला, रिकाम्या टाकीत 0 आणि भरलेल्या टाकीत 90 ओहम दाखवणारा सेंडर जोडला तर रिकामी टाकी भरलेली दिसते.

आज आम्ही चौघे मिळून हे काम करतो. ट्रक सोपवण्यापूर्वी टाकीत फक्त 10 लिटर पेट्रोल ठेवून तो आधी नाक वर आणि मग नाक खाली करून उतारावर उभा करतो आणि इंजिन चालू ठेवून दाबाच्या काट्यावर नजर ठेवतो. परवाच्या ट्रकचा काटा नाक खाली असताना थरथरला. टाकी पुन्हा उतरवून वाटीच्या कडा थोड्या उंच केल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो काटा जागचा हलला नाही.