आईची प्रार्थना

देवापुढे हात जोडून आई निवांत बसल्याचं मला आठवत नाही. तेवढी सवडच तिला कुठे होती? तिची प्रार्थना शिलाई मशीनवर चालायची. पाय पायडलवर, डोळे टीपेवर आणि ओठ पुटपुटताहेत. बॉबिनमधला दोरा संपला की देवानेही तेवढा वेळ थांबायचं.

बाबा गेल्यावर घर त्याच मशीनने ओढलं. दिवसभर लोकांकडची कामं, रात्री शिवण. काजं मात्र ती हातानेच करायची. आधी कापडाची कड दोऱ्याने बांधून घ्यायची, मग एकेक टाका इतका जवळ की मधून उजेडही दिसू नये. उलट बाजू कोण बघतंय, असं मी म्हणायचो. ती नुसती वर बोट दाखवायची.

कुणी पैसे बुडवले की देवाशी मोठ्याने भांडायची, "तुला दिसत नाही का?" म्हणून. आणि त्याच गिऱ्हाइकाचं पुढचं काम ठरल्या वेळी तयार! हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माझी देवावर फारशी श्रद्धा नाही. त्यावरून तिने कधी टोमणा मारला नाही. "तुझ्या वाटचं मी बघते," एवढंच म्हणायची.

पुढे नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना. मग माझी मुलगी शाळेत जायच्या आधी चार-सहा सुया ओवून ठेवायची. मोबदला म्हणून बाहुलीचे कपडे. त्यांनाही काजं हातचीच.