सोलचे कुक्सादांग: मुदांगांच्या देवळाची वाट

सोलच्या भुयारी रेल्वेच्या तिसऱ्या मार्गावरील तोंगनिम्मुन स्थानकाच्या २ क्रमांकाच्या दाराने बाहेर पडून उंच इमारतींमधली चढण धरली, की इन्वांगसान डोंगराच्या कुशीतली छोटी बौद्ध देवळे लागतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला मुदांगांचे, म्हणजे कोरियन शामनांचे, देऊळ कुक्सादांग दिसते. डोंगर अवघा ३३८ मीटर उंच असला, तरी वाट खडी आहे. गुडघे दुखत असतील, तर काठी न्यावी.

‘शामन’, म्हणजे देवांशी आणि मृतांशी संवाद साधणारी व्यक्ती, हा शब्द सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतला. कोरियात शामनला मुदांग म्हणतात, आणि त्या बहुतेक स्त्रियाच असतात. सोलकडच्या परंपरेत मुदांगच्या अंगात देव येतो. त्याआधी तिला शिनब्योंग, म्हणजे औषधाला दाद न देणारे दुखणे जडते आणि दीक्षेचा विधी झाल्यावरच ते सुटते, अशी श्रद्धा आहे. मराठी वाचकाला हे फारसे समजावून सांगावे लागू नये.

हे देऊळ मूळचे इथले नव्हे. ते सोलमधल्याच नामसान डोंगरावर होते. तिथे तेव्हा कोरियावर राज्य करणाऱ्या जपान्यांनी आपले शिंतो देवस्थान उभारले आणि १९२५ मध्ये याला इकडे हलवावे लागले. पुढे १९७० च्या दशकात खुद्द कोरियाच्या सरकारने ग्रामसुधारणेच्या मोहिमेत अशा पूजास्थानांवर अंधश्रद्धा म्हणून घाला घातला, आणि १९८५ मध्ये किम गम-ह्वा या मुदांगला राष्ट्रीय वारशाची जतनकर्ती म्हणून मान्यताही दिली. आतल्या चित्रांत कोरियाच्या जोसन राजघराण्याचा संस्थापक ली सॉन-गे आहे आणि त्याच्याच राजकारणात १३८८ मध्ये जीव गमावलेला सेनापती छ्वे यॉन्गही आहे. एकाच भिंतीवर दोघांना नांदवणे मुदांगांनाच जमावे.

आम्ही पोहोचलो तेव्हा आत ‘कुत’, म्हणजे मुदांगांचा विधी, चालू होता. जांगु या ढोलाचा आणि झांजांचा आवाज खालच्या वळणापर्यंत येत होता. देवापुढे भाताच्या वड्या, फळे आणि डुकराचे मुंडके मांडले होते. मुदांग मृत पूर्वजाच्या आवाजात बोलू लागली, तशी समोरची प्रौढ स्त्री हुंदके देऊ लागली. मी कॅमेऱ्याला हात घातला मात्र, एका आजींनी मान हलवून नकार दिला, आणि ते योग्यच होते. आपल्याकडच्या जागरण-गोंधळाप्रमाणे हा कुणाच्या तरी घरचा, त्यांनी खर्च करून घातलेला विधी असतो. म्हणून दाराबाहेर उभे राहावे, बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. कुत नसेल त्या दिवशी दार बंदच असण्याची शक्यता अधिक, हे धरूनच निघावे.

जाहीरपणे कुत पाहायचा असेल, तर चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील गांगनंग शहरातली दानोजे जत्रा किंवा दुसऱ्या महिन्यातील जेजू बेटावरचा वायुदेवीचा कुत गाठावा. तारखा दरवर्षी बदलतात, त्या आधी पाहून मगच विमानाचे तिकीट काढावे.