सोळातले चार

मार्चअखेरची गडबड, त्यात चाकणच्या एका कारखान्यातून फोन. ईआरपी, म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, रांगतंय, चलनं निघेनात, गाड्या गेटवर उभ्या. सॉफ्टवेअरवाल्यांचं निदान तयारच होतं: "सीपीयू कमी पडतोय, 24 करून घ्या." या मंडळींना दुसरं औषध ठाऊकच नाही. नाशिक फाट्यापुढच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही, पोचलो एकदाचा.

डेटाबेसच्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला, 16 व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) होते आणि टास्क मॅनेजर दाखवत होता 25 टक्के. तिथला आयटीचा मुलगा म्हणाला, "बघा ना सर, मशीन तर निवांत आहे." राइट क्लिक करून आलेख प्रोसेसरनिहाय केला. चार चौकोन काठोकाठ भरलेले, बाकीचे बारा सपाट. होस्ट म्हणजे खालचा खरा सर्व्हर. त्याच्यावरचा रेडी टाइम, म्हणजे काम हातात असून व्हीसीपीयू खऱ्या कोअरसाठी (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागासाठी) ताटकळतो तो वेळ, नगण्य होता. तिथे गर्दी नव्हती.

मग एसक्यूएल सर्व्हरचा, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, एरर लॉग उघडला. वरच्याच ओळींत सगळं होतं: 16 सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा), प्रत्येकी 1 कोअर, लायसन्सनुसार 4 लॉजिकल प्रोसेसर वापरतोय. 2019ची स्टँडर्ड आवृत्ती 4 सॉकेट किंवा 24 कोअर, जे आधी भरेल तिथे थांबते. मशीन बनवताना व्हीस्फिअरमध्ये (व्हर्च्युअल मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर) 'कोअर्स पर सॉकेट' 1च राहिलेलं, म्हणून प्रत्येक व्हीसीपीयू हा एक वेगळा सॉकेट. 24 केले असते तरी चारच चालले असते. कोअरचं लायसन्स मात्र सोळांचं भरलेलं! दर रीस्टार्टला सर्व्हर हे लिहून ठेवत होता, वाचतो कोण?

होस्टमध्ये 12 कोअरचे दोन प्रोसेसर. सोळा एकात मावत नाहीत, म्हणून 2 सॉकेट, प्रत्येकी 8 कोअर असं केलं. त्यासाठी मशीन बंद करावं लागतं. परवानगी मिळवण्यातच दुपार गेली, बदल चहा निवायच्या आत झाला. नव्या लॉगमध्ये 16 दिसले आणि चलनं धडाधड निघू लागली.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. याच मशीनचे आधी चाराचे आठ केले होते, मग आठाचे सोळा. आठ झाल्यावर "आता फरक जाणवतोय, धन्यवाद" अशी अकाउंट्सची मेल सगळ्यांना गेली होती. मुलाने ती मला दाखवली. तेव्हाही चालत होते चारच. अकाउंट्सच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "नाही हो, तेव्हा खरंच फास्ट झालं होतं."