सोनोग्राफीच्या आधीचा प्रश्न

माझी भाची पंधरा वर्षांची असून देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. गेल्या वैशाखात पोटात दुखते म्हणून तिची सोनोग्राफी झाली आणि अहवालावर ‘पीसीओडी’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी डिसीज, म्हणजे अंडाशयात अनेक ‘सिस्ट’ किंवा गाठी असल्याचा विकार) असे उमटले. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, भात बंद करायला सांगितले; मात्र पहिली पाळी कधी आली आणि दोन पाळ्यांत किती दिवस जातात, हे काही विचारले नाही. “ताई, हिला पुढे मूल होईल ना गं?” असे विचारत बहीण फोनवर रडत होती.

मुळात ‘सिस्ट’ हा शब्दच फसवा आहे, कारण त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका (अंडे ज्यात वाढते त्या बारीक पिशव्या) असतात आणि वयात येणाऱ्या निरोगी मुलींच्या अंडाशयातही त्या पुष्कळ दिसतात. 2003 मध्ये ठरलेल्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतले विशिष्ट चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळल्या, आणि थायरॉइडचा बिघाड, वाढलेले प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे संप्रेरक) यांसारखी अन्य कारणे वगळली, तरच प्रौढ स्त्रीत हे निदान होते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात की किशोरवयीन मुलींत पहिल्या दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात आणि पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. भाचीची पाळी सुरू होऊन अडीच वर्षे झाली आहेत, अंतर चाळीस दिवसांच्या आसपास असते. या टप्प्यावर 45 दिवसांपर्यंतचे अंतर अनियमित धरत नाहीत. पुरुषी संप्रेरके वाढल्याच्या खुणा म्हणाव्यात, तर हनुवटीवर राठ केस नाहीत, मुरुमेही जेमतेम.

भाताचे म्हणाल, तर या विकारात एखादा विशिष्ट आहार इतरांहून सरस असल्याचा पुरावा नाही. कोकणातल्या पोरीला पेज आणि आमटी-भात तोडायला सांगणे म्हणजे तिला घरच्या पंगतीतून उठवणेच.

याच्या उलट चूक, म्हणजे विकार असून न ओळखला जाण्याची, माझ्या वाट्याला आली होती. चोविसाव्या वर्षी माझी पाळी चार-चार महिने येत नसे, तेव्हा “वजन कमी करा” एवढाच सल्ला मिळाला. दीर्घकाळ पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर अवाजवी जाड होण्याचा धोका असतो, हे कोणी बोलले नाही, आणि या विकारात मधुमेहाचा धोका वाढतो म्हणून करायची, ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी साखर मोजायची साधी तपासणीही सुचवली नाही. पुढे गरोदरपणात मधुमेह निघाला, तेव्हा कुठे धागे जुळले.

भाचीला आम्ही एसटीने कुडाळला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी अहवाल बाजूला ठेवून आधी तारखा विचारल्या, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासले, गोळ्या थांबवल्या आणि वर्षभराने पुन्हा यायला सांगितले. बहीण आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करते. शेवटचे अंतर 39 दिवसांचे होते.