ऑस्ट्रेलियातल्या संत्र्याच्या बागेतून परत येताना

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्कला नेव्हल जातीच्या संत्र्याचा हंगाम सप्टेंबरच्या आसपास उतरणीला लागतो. झाडं मोकळी झाली की मुकादमाचा मेसेज येतो, 'या आठवड्यानंतर काम नाही', आणि खोली सोडायची घाई सुरू. इकडे अंबडला आमच्या मोसंबीची आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहाराची) तोडणी तोंडावर आली होती, म्हणून मलाही थांबायचं नव्हतंच. जायचं कसं हे सगळेच सांगतात, परतण्याविषयी कुणी फारसं बोलत नाही.

जाण्याचं थोडक्यात: ४६२ क्रमांकाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी २०२४ पासून सुरू झाला. वर्षाला १,००० जागा, निवड सोडतीने. पासपोर्टसोबत पॅन कार्डही लागतं. बूट नेणार असाल तर घासून न्या. आपली काळी माती तिथल्या विमानतळावर चालत नाही.

काम अंगमेहनतीचं. गळ्यात पिशवी, हातात देठ कापायची कात्री, वर शिडी. साधारण ४०० किलोचं लाकडी खोकं भरायचं, त्याला ते 'बिन' म्हणतात. हिवाळ्यात सकाळी दव वाळेपर्यंत फळाला हात लावू देत नाहीत, कारण ओल्या सालीवर दाब आला की त्यातलं तेल बाहेर येऊन डाग पडतो. आम्ही मात्र पहाटे तोडून गाडी जालन्याच्या बाजार समितीकडे पळवतो. मजुरी बिनावर ठरली असली तरी एप्रिल २०२२ पासून ताशी किमान वेतनाची हमी आहे. रोखीनं देतो, पावती मागू नको, असं कुणी म्हणालं तर दुसरी बाग बघा.

बघण्यासारखं काय असेल तर पाणी. रेनमार्कला वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे जालन्याच्या निम्म्याहूनही कमी! सगळं मरे नदीवर चालतं. शेतकऱ्याच्या नावावर पाण्याचा हक्क असतो, मीटर असतो, आणि उरलेलं पाणी तो चक्क विकू शकतो. आपल्याकडे २०१२च्या दुष्काळात बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकरनं झाडं जगवली. पाणी विकायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा येतो. बड्या कंपन्या ते विकत घेऊन बसतात अशी ओरड तिथंही आहेच. पण आपल्या बागेनं यंदा किती पाणी प्यायलं हे तिथला शेतकरी वहीत दाखवतो, आम्हाला फक्त मोटार किती वाजता लावली ते आठवतं.

आता निघायच्या आधीचं. प्रत्येक आठवड्याची वेतनपावती डाऊनलोड करून ठेवा, हंगाम संपला की ठेकेदार फोन उचलेलच असं नाही. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर व्हिसाच्या नियमात बसणाऱ्या तीन महिन्यांच्या कामाचा पुरावा याच पावत्यांतून निघतो; बागेचा पोस्टकोड त्यासाठीच्या सरकारी यादीत आहे ना, हे मात्र काम धरतानाच बघायचं. डिपॉझिट परत मिळवायचं असेल तर खोली झाडून, फोटो काढून मगच किल्ली द्या. जुनी गाडी घेतली असेल तर ती दुसऱ्याच्या नावावर करूनच निघा, नाहीतर दंडाच्या चिठ्ठ्या तुमच्या नावानं फाटत राहतील.

आमच्या बापूंचा फोन आला होता, "कलमाला डोळा भरायला तिथल्या संत्र्याच्या दोन-चार काड्या टाक की बॅगेत." नाही आणल्या. कलमाच्या काडीला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, वर इथं आल्यावर ती वेगळी ठेवून तपासतात. बागेला नवा रोग लावून घेण्यापेक्षा बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात चौकशी केलेली बरी. तिथल्या तिथंही फळ नेता येत नाही: शेजारच्या राज्यातल्या मिल्डुराहून रेनमार्ककडे येताना यांब्याच्या नाक्यावर फळमाशीसाठी गाडी तपासतात, डब्यातलं संत्रं सापडलं तरी दंड.

मालक पगाराव्यतिरिक्त 'सुपर' नावाच्या निवृत्ती फंडात पैसे भरतो. ते देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ऑनलाइन मागता येतात, पण आपल्या व्हिसावर त्यातला ६५ टक्के कर कापला जातो. हजार डॉलर असतील तर साडेतीनशेच हातात. तरी सोडू नका. फंडाचा सभासद क्रमांक आणि टॅक्स फाइल नंबर लिहून ठेवा, ईमेल तोच ठेवा, आणि पैसे येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.