आमची वाटचाल : चिपळूणचं दुकान आणि वाडीवरचे संगणक कक्ष

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगणक कक्ष उभा करायचा, सजवायचा आणि वर्षानुवर्षं चालता ठेवायचा, हा आमचा धंदा. उभा करून द्यायला पुष्कळ जण येतात. चालता ठेवायला भर पावसात गुहागर-दापोलीच्या वाडीवर जावं लागतं, तिथे आम्ही जातो. याचा मला अभिमान आहे.

सुरुवात विंडोज ९८ च्या काळातली. पंधरा इंची सीआरटी मॉनिटर, गोळीचे माउस. माउस उघडून आतल्या रोलरवरचा मळ नखाने काढायचा, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसायच्या, की निम्मी मशीन तिथेच चालू व्हायची. त्या दिवसांत शाळेला संगणक मिळायचा तो बहुतेक वेळा मुंबई मंडळाकडून, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून. चाकरमानी वर्गणी काढायचे, ऑफिसातून निघालेली जुनी मशीन मिळवायचे आणि गणपतीला येताना टेम्पोत घालून आणायचे. उद्घाटनाचा नारळ फुटला की पुढचं सगळं आमच्यावर.

माझा पहिला जोडीदार पेंटर. त्याला सगळे पेंटरच म्हणतात, मीही. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम बसलं. मी त्याला म्हटलं, माझ्याबरोबर शाळांत चल. भागीदारीचा कागद आम्ही कधी केला नाही, पण प्रत्येक कक्षाच्या पैशात त्याचा वाटा ठरलेला आहे. बोलक्या भिंती, म्हणजे अभ्यासाची चित्रं काढलेल्या भिंती, आता सगळीकडे आहेत. त्याने त्या काळात भिंतीबरोबर जमीनही रंगवली. शहाबादी लादीवर इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा कीबोर्ड, एकेक कळ पोराच्या पावलाएवढी. मधल्या ओळीत उजव्या हाताला प, र, क, त, च. पोरं उड्या मारत ‘कर’, ‘तर’, ‘परत’, ‘चरत’ असे शब्द करायची. नंतर टेबलाशी बसली की बोट बरोबर इंग्रजी जेच्या कळीवर ‘र’ला जायचं. इनस्क्रिप्ट हे १९९१ पासून भारतीय मानक आहे, पण आमच्या भागातल्या दुसरीच्या पोरांना ते पायांनी शिकवलं ते पेंटरने.

भिंतीवर तो परदेशी कार्टून काढत नाही. शिमग्याची पालखी, होडी, कलमाच्या बागा, आणि त्यांच्या मधोमध सीपीयूच्या पोटातले भाग. आमच्याकडे भिंत पावसाळ्यानंतर महिनोन् महिने ओल धरते, म्हणून रंगकाम दिवाळीनंतरच. आधी सिमेंट प्रायमर, आणि मॉनिटरच्या समोर येणाऱ्या भिंतीला चकचकीत ऑइलपेंट अजिबात नाही. त्याची चमक थेट पडद्यावर उतरते. कक्षात फ्लेक्स लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एक पावसाळा गेला की तो उचलून मागे बघा. बुरशीचा काळा थर दिसेल, आणि मुलं त्याच हवेत बसलेली असतात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना आणखी एक सांगतो. आधी अर्थिंग बघा, मशीन मागाहून. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग सहज मिळत नाही. खोल खड्डा, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतणारं माणूस, एवढं लागतंच. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर काटा गेला तर मशीनचा खोका उघडूच नका. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा जळालेली मदरबोर्ड माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या शाळेत अर्थिंगची तार खिडकीच्या गजाला बांधलेली असते. आणि टेबल मोठ्यांच्या मापाचं, तीस इंची नको. पहिलीच्या पोराचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

मधली वर्षं चांगली गेली. भारनियमन सोसलं, विंडोज एक्स्पी गेली, पातळ मॉनिटर आले, २०१५ नंतर ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगाव पोचला आणि कामं वाढली. त्याच सुमारास शहरातला एक मोठा पुरवठादार आमच्या भागात उतरला. घाऊक निविदा, उलाढालीची अशी अट की माझ्यासारख्याने अर्जही भरू नये. त्याची मशीन यायची, फोटो निघायचा, बिल पास व्हायचं. काही शाळांत खोकी कपाटावर तशीच सीलबंद राहिली, कारण खोलीत प्लगच नव्हता. सर्व्हिससाठी एक फोन नंबर, तो उचलणाऱ्याला तालुका कुठला तेही सांगावं लागायचं. मुख्याध्यापक मग मला फोन करायचे, आणि मी जायचो. त्याच्या वॉरंटीतली मशीन मी दुरुस्त केली आहेत, त्यातल्या कित्येकांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

मग २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. बंद खोलीत मशीन मरतात. कुंभारीण माशी यूएसबीच्या भोकात मातीचं घर करते, पाली एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, शिरतात, उंदीर केबल कुरतडतात. म्हणून मी मुख्याध्यापकांना सांगून मशीन दुकानात आणली. शाळा उघडेल त्या दिवशी चालू स्थितीत परत देणार होतो. २००५ च्या पुराची खूण दुकानाच्या भिंतीवर आहे. रॅक मी तिच्या वर चढवलेली होती.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी त्या खुणेच्याही वर गेली. पहाटे पाणी बाजारपेठेत शिरलं, वीज गेली, फोन बंद पडले. पाणी उतरल्यावर शटर उघडेना, आतून गाळाने दाबलेलं. शाळाशाळांची मशीन एकावर एक, त्यांवर चिखल. पेंटर आणि मी मदरबोर्ड काढून आधी स्वच्छ पाण्याने, मग आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) आणि ब्रशने धुतले, सावलीत वाळवले. रॅम आणि प्रोसेसर बरेच वाचले. एसएमपीएस सगळे टाकले. हार्डडिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गाळाचं पाणी आत गेलेलं, म्हणजे त्याही गेल्या.

विमा होता, पण दुकानाच्या मालाचा. दुरुस्तीला आलेली मशीन शाळेची, ती पॉलिसीत बसत नाहीत असं उत्तर मिळालं. आणि शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, ती उभी. निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे बाद म्हणून रीतसर नोंद निघाल्याशिवाय, मुख्याध्यापकाच्या नावावरून निघत नाहीत, लेखापरीक्षणात त्याच्याकडून वसुली लागते. मी प्रत्येक सीपीयूचा सिरीयल नंबर दात घासायच्या ब्रशने उघडा केला.

त्याच आठवड्यात त्या पुरवठादाराचा माणूस शाळांना फोन करत होता. चिपळूणचं दुकान संपलं, तुमची मशीन आता मिळायची नाहीत, आमच्याकडे करार करा. आम्ही गुडघाभर गाळात उभे होतो तेव्हा. काही मुख्याध्यापकांनी सही केली. त्यांची भीती मला कळते. त्या माणसाला मात्र मी माफ केलेलं नाही.

गुहागर तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना बाईच म्हणतो, अगदी पहिल्या टेम्पोच्या दिवसांपासून आमच्या. पटसंख्या वीसच्या आत असलेली शाळा, सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानाचे, पैसे किती येणार! पण दर महिन्याला मशीन चालू आहेत की नाही याची त्यांची स्वतःची वही असते. फोन लागला तेव्हा म्हणाल्या, “दादा, तुमची पावती माझ्याकडे आहे. मशीन तुमच्या दुकानात होती आणि पुरात गेली, हे मी लिहून देते. पंचनाम्याची प्रत तेवढी पाठवा.” पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या बैठकीत, त्यांनी केंद्रातल्या इतर मुख्याध्यापकांना पत्राचा तोच मसुदा दिला. मुंबई मंडळाला सांगून वर्षाच्या देखभालीची रक्कम आगाऊ मिळवून दिली. त्या पैशातून हार्डडिस्क आणि एसएमपीएस आले. १ डिसेंबर २०२१ ला गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले, त्या दिवशी बाईंच्या कक्षात मशीन चालू होती.

आता दुकान वरच्या मजल्यावर आहे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ‘जुनी मशीन टाका, नवी घ्या’ म्हणत तोच पुरवठादार पुन्हा शाळांत फिरू लागला आहे. मुख्याध्यापकांनो, घाईने निर्लेखन करू नका. हार्डडिस्क काढून एसएसडी घाला, विंडोजच्या जागी उबुंटू ही फुकट मिळणारी प्रणाली टाका, त्यावर जीकॉम्प्रि (मुलांचे शैक्षणिक खेळ) आणि टक्स पेंट (चित्रकला) चालवा. प्राथमिकच्या मुलांना अजून कित्येक वर्षं तेच मशीन पुरेल. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. सुती घाला आणि आठवड्यातून एकदा सगळी मशीन थोडा वेळ चालू ठेवा. आणि दुरुस्तीला काहीही देताना, आमच्याकडे असो की दुसऱ्या कोणाकडे, पावतीवर डेडस्टॉक नंबर आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून घ्या, कार्बन प्रत शाळेत ठेवा.